छंदासाठी घरात कामाचे मेज : मांडणी आणि व्यवस्था

खुर्चीचा पाय सैल होतो, इस्त्रीची तार सुटते, मुलांना शाळेच्या प्रदर्शनासाठी पवनचक्कीची प्रतिकृती हवी असते. अशी लहानसहान कामे प्रत्येक घरात निघतात आणि ती करण्याजोगी हत्यारेही बहुधा घरात असतात. परंतु हातोडी जिन्याखाली, पक्कड स्वयंपाकघरातील फडताळात आणि खिळे कोठल्या तरी जुन्या डब्यात, अशी त्यांची स्थिती असते. दहा मिनिटांच्या कामासाठी अर्धा तास शोधाशोध करावी लागते, आणि पुढच्या वेळी ते काम आपल्या हातून होणे नाही असे मानून वस्तू टाकून दिली जाते. छंदाचेही असेच होते. उत्साहाने आणलेली साधने दोन महिन्यांत माळ्यावर जातात. हाताने काही घडविण्याचा छंद घरात टिकावयाचा असेल, तर त्याला सर्वप्रथम एक कायमची जागा द्यावी लागते. कामाचे मेज म्हणजे अशी जागा होय.

कारागिरांच्या बैठकीपासून मिळणारा धडा

कामाची जागा कशी असावी, हे आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरविले आहे. गावातील सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतो. त्यामुळे त्याचे दोन्ही हात हत्यारासाठी मोकळे राहतात. सोनाराच्या बैठकीत शेगडी, चिमटे, कानशी हे सारे न उठता हाती येईल अशा अंतरावर असते, आणि सोन्याचा कीस वाया जाऊ नये याची पूर्ण काळजी घेतलेली असते. सोनाराच्या दुकानातील केरातून व राखेतून सोन्याचे कण वेगळे काढणाऱ्या झारेकऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच त्यामुळे उभा राहिला. घड्याळजीचे मेज उंच असते. बारीक काम डोळ्यांच्या जवळ यावे हा त्यातील हेतू. मेजाच्या कडेला उचललेली पट्टी असली म्हणजे घरंगळलेला स्क्रू खाली पडत नाही.

या तिन्ही उदाहरणांतून तीन तत्त्वे निघतात. जागा शरीराला आणि कामाला अनुरूप असावी. वस्तू घट्ट धरली जावी. आणि साधने हाताच्या टप्प्यात असावीत. घरातील मेजाची सारी आखणी या तीन तत्त्वांवर करता येते.

जागेची निवड

स्वतंत्र खोली बहुतेकांना उपलब्ध नसते आणि तिची आवश्यकताही नाही. सुमारे सव्वा मीटर लांबीची भिंत आणि तिच्यासमोर उभे राहून मोकळेपणी हालचाल करण्यासाठी एक मीटर जागा मिळाली तरी पुरे. बंद सज्जा, पडवी किंवा खोलीचा खिडकीजवळील कोपरा यांपैकी कोणतीही जागा चालेल. शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला मेज टेकवू नये. हातोडीचा प्रत्येक ठोका पलीकडे ऐकू जातो. पायांखाली रबराचे जाड तुकडे दिल्यास आवाज आणि कंप दोन्ही कमी होतात. कोकणात पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत टाळावी. जेथे वाळवीचा उपद्रव आहे तेथे मेजाचे पाय फरशीच्या तुकड्यांवर उभे करावेत आणि मेज भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, म्हणजे वाळवीची माती वेळीच दृष्टीस पडते.

उंची आणि बांधणी

मेजाची उंची हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. जेवणाचे किंवा लिहिण्याचे टेबल साधारणतः ७५ सेंटिमीटर उंच असते. त्यावर उभ्याने काम केल्यास थोड्याच वेळात पाठ भरून येते. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत आणि जमिनीपासून मनगटापर्यंतचे अंतर मोजावे. रंधकाम व करवतकाम यांसाठी ही उंची योग्य ठरते. मध्यम उंचीच्या प्रौढ व्यक्तीसाठी ती ८० ते ८५ सेंटिमीटरच्या आसपास येते. डाख देणे, प्रतिकृती जोडणे अशा बारीक कामांसाठी मेज याहून उंच असावे, अथवा त्याच मेजाशी योग्य उंचीच्या स्टुलावर बसून काम करावे.

बांधणीसाठी एक सोपी योजना पुढे दिली आहे. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे २४४ बाय १२२ सेंटिमीटर असतो. १९ मिलिमीटर जाडीचा असा एक तक्ता दुकानातच दोन्ही दिशांनी मधोमध कापून घेतला की सुमारे १२२ बाय ६१ सेंटिमीटरचे चार समान तुकडे मिळतात. त्यांपैकी दोन तुकडे एकमेकांवर सरसाने चिकटवून व स्क्रूने आवळून मेजाचा ३८ मिलिमीटर जाडीचा पृष्ठभाग तयार होतो. तिसऱ्या तुकड्याचे चार कोपरे पायांच्या मापाने कापून तो खालचा फळा म्हणून बसवावा. जड सामान त्यावर राहते आणि त्या वजनाने मेज स्थिर होते. चौथा तुकडा हत्यारे टांगण्यासाठी भिंतीवर लावावा. पायांसाठी ७५ मिलिमीटर चौरस छेदाचे वाळलेले लाकूड घ्यावे. पायांची लांबी ठरविताना ठरलेल्या उंचीतून पृष्ठभागाची जाडी वजा करण्यास विसरू नये. पाय आणि आडव्या पट्ट्या बोल्ट व नट यांनी जोडाव्यात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मेज सुटे करून हलविता येते आणि उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधे सैल झाले तर ते पुन्हा आवळता येतात.

ज्यांना एवढीही जागा नाही, त्यांनी ९० बाय ४५ सेंटिमीटरची जाड फळी बिजागऱ्यांनी भिंतीला बसवून घडीचे मेज करावे. त्यावर जड ठोकाठोक करता येणार नाही. परंतु बारीक कामाला ते उत्तम आहे.

शेगडा : मेजाचा तिसरा हात

सुताराचा पाय जे कार्य करतो ते मेजावर शेगडा करतो. घरगुती कामाला १०० मिलिमीटर जबड्याचा शेगडा पुरतो. तो मेजाच्या मधोमध न बसविता पायाच्या बरोबर वर बसवावा, म्हणजे ठोक्यांचा भार थेट जमिनीवर जातो. त्याचा स्थिर जबडा मेजाच्या कडेच्या किंचित बाहेर यावा. लांब पट्टी उभी धरताना ती मेजाला अडत नाही. कानसकामासाठी जबड्याची वरची कड उभे राहणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला असावी. लाकूड किंवा मऊ धातू धरताना जबड्यांत लाकडी पट्ट्या घालाव्यात, अन्यथा वस्तूवर दातांचे वळ उमटतात.

साधने : थोडी पण चांगली

प्रारंभी पंधरा-वीस साधनांपेक्षा अधिक घेऊ नयेत. मोजण्यासाठी ३ मीटरची टेप, ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी आणि गुण्या, कापण्यासाठी लाकडाची एक करवत आणि धातूसाठी हॅकसॉ, तासण्यासाठी लहान रंधा, ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या पटाश्या, एक चपटी व एक अर्धगोल कानस, ठोकण्यासाठी हातोडी, धरण्या-फिरविण्यासाठी पक्कड, लांब चोचीचा चिमटा, लहानमोठे स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन शिकंजे, भोके पाडण्यासाठी ड्रिल. एवढ्यांतून घरातील बहुतेक कामे पार पडतात. पुढील साधन एखाद्या कामात प्रत्यक्ष अडले म्हणजेच विकत घ्यावे.

साधनाचा योग्य उपयोग माहीत असणे हे साधनाइतकेच महत्त्वाचे आहे. हॅकसॉचे पाते बसविताना दात पुढच्या दिशेला असावेत. पातळ पत्र्यासाठी बारीक दातांचे पाते घ्यावे, कारण कापताना किमान दोन-तीन दात एकाच वेळी धातूवर टेकले नाहीत तर ते तुटतात. पटाशीचे तोंड साधारण २५ अंशांच्या कोनात घासून घ्यावे आणि शेवटची धार निसण्यावर ३० अंशांच्या कोनात द्यावी. बोथट पटाशी ही धारदार पटाशीहून अधिक धोकादायक असते. तिला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेले हत्यार निसटते.

मांडणी

भिंतीवरील फळ्यावर प्रत्येक साधनासाठी खुंटी ठोकावी आणि साधन टांगून त्याच्या आकाराची बाह्यरेषा रंगाने काढावी. काम संपल्यावर फळ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला की रिकाम्या आकृतीवरून कोणते साधन परत आलेले नाही हे तत्काळ कळते. नित्य लागणारी साधने खांद्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात, क्वचित लागणारी वर, आणि धारदार साधने लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावीत. खिळे, स्क्रू आणि वायसर यांसाठी झाकणाच्या पारदर्शक बरण्या उत्तम. ‘किरकोळ’ या नावाची पेटी मात्र ठेवू नये. काही दिवसांत सर्व वस्तू तिच्यातच जमा होतात.

प्रकाश, वीज आणि सुरक्षितता

उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूने प्रकाश यावा, म्हणजे हाताची सावली आखलेल्या रेषेवर पडत नाही. डावखुऱ्यांसाठी याउलट व्यवस्था करावी. खिडकीच्या प्रकाशाला पूरक म्हणून वाकविता येणारा एक दिवा असावा.

घरातील वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्याने या बाबतीत काटकसर करू नये. मेजाजवळ भूसंपर्क असलेली तीन पिनांची सॉकेटे परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावीत आणि त्या मंडलावर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा सुरक्षा-स्विच असावा. बटण कामावरून हात न नेता दाबता यावे.

डाख देण्याच्या हत्याराचे टोक ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते. त्याला स्वतंत्र धातूची बैठक हवी. नेहमीच्या डाखात कथलाबरोबर शिसे असते. म्हणून डाखकाम खेळत्या हवेत करावे, मेजावर खाद्यपदार्थ ठेवू नयेत आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. मुलांसाठी शिसेविरहित डाख वापरावा. कापताना, ठोकताना आणि भोके पाडताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. सैल ओढणी, मोकळे केस आणि मनगटातील दोरे ड्रिलपासून दूर ठेवावेत. लाकडाला जवसाचे तेल लावले असेल तर तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कधीही टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवाव्यात.

निगा

आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीच्या दिवशी, महाराष्ट्रातील कारागीर आपली हत्यारे स्वच्छ करून त्यांची पूजा करतात. हत्याराविषयीची ही कृतज्ञता वर्षातून एका दिवसापुरती न राहता रोजच्या शिस्तीत उतरावी. काम संपल्यावर ब्रशने भुसा झाडावा, पोलादी पृष्ठभागावरून मशीन तेलाचा हलका बोळा फिरवावा आणि मग हत्यार खुंटीवर टांगावे. याला पाच मिनिटे पुरतात. दमट हवेच्या प्रदेशात पावसाळ्यापूर्वी ही काळजी विशेषत्वाने घ्यावी.

पहिले काम : टेक्याची फळी

नव्या मेजावरील पहिली वस्तू मेजासाठीच करावी. सुताराकडून उरलेला २५ बाय १८ सेंटिमीटरचा सपाट तुकडा घ्यावा. एक लाकडी पट्टी फळीच्या खालच्या बाजूस पुढच्या कडेला आणि दुसरी वरच्या बाजूस मागच्या कडेला चिकटवावी. वरची पट्टी उजवीकडून दोन-तीन सेंटिमीटर आखूड ठेवावी. डावखुऱ्यांनी ती डावीकडून आखूड करावी. खालची पट्टी मेजाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला टेकवून वस्तू एका हाताने दाबता येते आणि पुढे ढकलताना कापणारी करवत तिला अधिकच घट्ट बसविते. आखूड ठेवलेल्या जागी करवत फळीवर उतरते आणि मेजाचा पृष्ठभाग शाबूत राहतो. जोडण्यासाठी सरस व लाकडी खुंट्या वापराव्यात. खिळ्यावर आदळून करवतीचे दात बोथट होतात. मोजणे, आखणे, काटकोन तपासणे, कापणे, तासणे आणि जोडणे ही साऱ्या हस्तकामाची बाराखडी या एका फळीत शिकता येते.

हातांचे शिक्षण

कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने उत्पादक हस्तव्यवसायाला शिक्षणाचे केंद्र मानणाऱ्या नयी तालीमचा पाया घातला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला आणि प्रत्यक्ष वस्तू घडविता घडविता तिच्यामागील विज्ञान समजून घेण्याची पद्धत ग्रामीण मुलामुलींपर्यंत नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरविरहित काळात स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना मांडली आहे.

शाळेतील हे दिवस मोजके असतात. घरातील मेज वर्षभर असते. त्यावर मुलाइतकाच मुलीचाही अधिकार आहे. सेवानिवृत्त आजोबांचा अनुभव आणि नातवंडांचे कुतूहल यांची तेथे सहज भेट होते. रेषेवर न आलेला काप पुन्हा कापावा लागतो, आणि सांधा बसला नाही तर त्याची सबब लाकूड ऐकून घेत नाही. अचूकपणा, संयम आणि श्रमाविषयीचा आदर हे गुण उपदेशाने क्वचितच येतात. कामाच्या सवयीने ते नकळत अंगी बाणतात. दुरुस्त झालेली प्रत्येक खुर्ची पैसा वाचविते हे खरेच, परंतु ‘हे मला करता येते’ हा जो विश्वास तिच्याबरोबर घरात येतो, तो अधिक मोलाचा आहे. सव्वा मीटर भिंतीकडून याहून मोठी अपेक्षा करण्याचे कारण नाही.