बर्फात हरवलेला सांता

प्रश्न : नाताळवर प्लॅटफॉर्म गेम करते आहे. १६ बाय १६ पिक्सेलचा सांता मोठा करून पाहिला की छान दिसतो, पण खेळताना बर्फात ओळखूच येत नाही. चौकट ३२ची घेऊ का?

उत्तर : नको. प्रत्येक फ्रेमला २५६ऐवजी १,०२४ पिक्सेल रंगवाल आणि पांढरी दाढी पांढऱ्या बर्फात तशीच विरघळेल. अडचण जागेची नाही, उठावाची आहे. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ घडवताना शिगेरू मियामोतो यांनी तोंडाच्या जागी मिशी दिली, केसांची कटकट टोपीखाली झाकली आणि हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून डंगरी चढवली. सांताकडे टोपी, दाढी, पट्टा आयतेच आहेत. त्यांना पार्श्वभूमीने गिळू नये, एवढंच पाहायचं. म्हणून बर्फ फिकट निळा करा, शुभ्र पांढरा फक्त दाढीला आणि गोंड्याला ठेवा. दाढीच्या खालच्या कडेला जांभळट करड्या पिक्सेलची एक ओळ, पट्ट्याच्या काळ्या ओळीत बकलाचा एकच पिवळा ठिपका. भुवया विसरा. उडी मारताना गोंडा एक पिक्सेल मागे रेंगाळू द्या.

निन्टेंडोच्या जुन्या यंत्रावर एका पॅलेटमध्ये स्प्राइटला पारदर्शक सोडून तीनच रंग मिळत. आज ती सक्ती नाही, मग काटकसर कशाला, असं कुणी म्हणेल. पण खेळणाऱ्याची नजर पुढच्या फळीवर असते. सांता तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायला हवा. लाल सांता हिरव्या झाडापुढे उठून दिसतोच, हाही भ्रम आहे. दोन्ही रंग सारखेच गडद असले, तर लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला तिथे नुसता डाग दिसेल. खेळाचा स्क्रीनशॉट कृष्णधवल करून पाहा. सांता सापडला नाही, तर आधी मागचं झाड बदला.