कडेवरची रोपे

नवीन जालना,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या वर्गात तुझा जम बसत असल्याचे वाचून समाधान वाटले; परंतु प्रचरणाच्या आणि मोठ्या संख्यांच्या नियमाच्या सिद्धता घोकण्यात रात्री जातात, आणि तेच उत्तर संगणक निमिषात देतो, मग हा खटाटोप कशासाठी, असा जो त्रासिक सूर तुझ्या पत्रात आहे, त्याविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

माझी उभी हयात महसुलाच्या दप्तरात गेली. त्या काळी तलाठी व पाटील बांधावर उभे राहून पीक आठ आणे की दहा आणे हे नजरेने ठरवीत, आणि शेतसाऱ्याच्या सूट-तहकुबीचा सारा निर्णय त्या नजरआणेवारीवर अवलंबून असे. त्यात लबाडी असेच असे नाही (असे ती कधीकधी, हेही खरे). परंतु प्रामाणिक माणसाची नजरही सडकेलगतच्या शेतावरच आधी पडते. या नजरेच्या जागी चिठ्ठीने गाव, चिठ्ठीने गट नंबर, आणि शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यदृच्छया निघालेल्या अंतरावर दोरी लावून कापणी, अशी शिस्त या देशात रुजविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रगण्य होत.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस लहान आकाराचे तुकडे कापून पिकाचा अंदाज घेत, कारण त्यात खर्च कमी आणि तुकडे पुष्कळ. सुखात्म्यांनी प्रयोगान्ती दाखविले, आणि १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्धही केले, की तुकडा लहान असला म्हणजे उतारा वास्तवापेक्षा अधिक दिसतो. याचे कारण असे की, क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा होतो, आणि दोरीवरच उभे असलेले संशयास्पद रोप कापणाऱ्याचा हात बहुधा आतच घेतो. असे दहा हजार तुकडे कापले तरी ही चूक तिळमात्र घटत नाही. प्रचरण संख्येने भागले जाते, एकाच दिशेला झुकलेली चूक भागली जात नाही. आणि हा भेद ज्या सिद्धतेच्या तीन ओळींत उघड दिसतो त्याच ओळी तुला कंटाळवाण्या वाटतात! संगणकाला दिलेल्या आकड्यांवर कडेच्या रोपांची खूण नसते, तेव्हा त्याच्याकडून या बाबतीत काही अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

असेच दुसरे उदाहरण घे. आपल्या गावी बियाण्याचा धंदा मोठा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी येथेच काढली. उगवणशक्ती पाहताना चारशे दाण्यांपैकी ३२० उगवले तर शेकडा ८०, आणि प्रमाण दोष शेकडा २, हे तू तोंडी काढशील. परंतु सर्व दाणे एकाच पोत्याच्या तोंडाचे असतील तर त्या दोनाला काय किंमत? तसेच निरीक्षणांच्या परस्पर स्वातंत्र्याचे गृहीत. मराठवाड्यात पावसाने डोळे वटारले म्हणजे शेजारची शंभर गावे एकदमच बुडतात. त्यांना शंभर निरनिराळी निरीक्षणे समजणारा विमेवाला फार काळ तग धरणार नाही.

म्हणून प्रत्येक प्रमेयाच्या आरंभी जी गृहीते लिहिलेली असतात ती आधी वहीत निराळी उतरून काढ, आणि त्यांतील एकेक वगळून सिद्धता कोठे अडते ते स्वतः कागदावर पाहा. परीक्षेस गुण थोडे कमी पडले तरी हरकत नाही. हुजूरबाजारांनी १९५३ साली तुमचा विभाग स्थापला. तेथील ग्रंथालयात पानसे व सुखात्मे यांचा शेतीविषयक संख्यापद्धतींवरील ग्रंथ अवश्य मागून घे. आश्विनात सोयाबीनचे पीककापणी प्रयोग सुरू होतील, तेव्हा दोन दिवस रजा काढून ये. कृषी सहायकांशी मी बोलून ठेवतो.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका