सिकलसेल : रोग, औषध आणि नोंद

सातपुड्याच्या परिसरात राहणाऱ्या भिल्ल, पावरा, मावची आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष पुष्कळ कुटुंबांत आढळतो. ऐन हंगामात तरण्या माणसाचे हातपाय असह्य दुखू लागतात, डोळे पिवळे होतात आणि घरची माणसे बाहेरची बाधा समजून मोलाचा वेळ दवडतात. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी या रोगाची व त्यावरील औषधाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

रोगाचा शोध

ग्रेनाडा बेटावरील एक वीस वर्षांचा विद्यार्थी १९०४ च्या अखेरीस शिकागो येथील रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्यांचा अर्थ त्या वेळी कोणासच लागला नाही. तरीही डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली जे दिसले ते तसेच प्रसिद्ध केले. पुढे १९४९ साली दोष रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये आहे हे सिद्ध झाले आणि १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत हा दोष आढळल्याचे प्रसिद्ध झाले. एका रोग्याच्या काळजीपूर्वक नोंदीचे हे फळ होय.

आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहकास स्वतःला बहुधा त्रास होत नाही. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी.

औषध व त्याची जोखीम

हायड्रॉक्सियुरिया हे औषध या रोगावर उपयुक्त ठरले आहे. २९९ प्रौढ रोग्यांवर झालेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वेदनेचे झटके हे औषध न घेणाऱ्यांत वर्षाला सुमारे ४.५, तर घेणाऱ्यांत सुमारे २.५ आले. परंतु या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होऊ शकतात. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच रोज घ्यावे. बरे वाटले म्हणून बंद करू नये व दुखले म्हणून वाढवू नये.

२. ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी चुकवू नये.

३. मूल हवे असल्यास, स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांना विचारावे. दिवस राहिल्यास ताबडतोब कळवावे.

४. ताप, श्वासाचा त्रास, छातीत दुखणे किंवा रक्तस्राव झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लहान मुलाचा ताप उद्यावर टाकू नये.

५. रक्त कमी आहे एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

६. भरपूर पाणी प्यावे. थंडीच्या रात्री पिकाला पाणी देण्याचे काम रोग्याकडे देऊ नये.

नोंद ठेवावी

ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे निघताना तपासणीचे कार्ड व पुरेसे औषध बरोबर नेतील, हे कार्यकर्त्यांनी पाहावे. औषधाचा दिनांक, मात्रा व नंतर झालेला त्रास एका वहीत लिहून ठेवावा. औषधाचा दुष्परिणाम वाटल्यास डॉक्टरांस सांगावे. २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे अशी माहिती कोणासही कळविता येते. शिकागोच्या नोंदीने रोग ओळखला गेला. घरातील वहीने घरचा माणूस वाचू शकतो.