सुईला हात लावण्याआधी

साडेसहा सीसीचं इंजिन तळहातावर मावतं. पण एकदा पकडलं की मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं आणि शेजारच्या शेतातली गुरं मान वर करून बघतात. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये मॉडेल विमानाचं इंजिन पहिल्यांदा हातात आलं, तेव्हापासून ते माझ्यावर रुसतंय आणि मी त्याची समजूत काढतोय. आता रविवारी सकाळी मैदानावर एखादं पोर येतंच, “काका, सुरूच होत नाहीये, बघता का जरा?” त्याला जे सांगतो तेच इथे लिहितो. यातलं बहुतेक मी नुकसान करून घेऊनच शिकलो.

1. बोटाने प्रॉप फिरवू नका.

माझं पहिलं इंजिन डिझेल होतं. डिझेल म्हणजे पंपावरचं नव्हे. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समसमान, आणि प्लगच्या जागी डोक्यावर एक स्क्रू. तो पिळला की कॉम्प्रेशन वाढतं आणि दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. इंजिन धरेना म्हणून मी स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळला आणि मधल्या बोटाने प्रॉपला, म्हणजे प्रॉपेलरला, झटका दिला. इंजिनाने धरलं, पण उलट्या दिशेने. नायलॉनच्या पात्याची मागची कड ब्लेडसारखी असते हे तेव्हा कळलं. तीन टाके. आमच्या सरांनी पट्टी बांधलेला हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “बोटं मोज. पाच भरली ना? मग पुढच्या वेळी काठी घे.”

लाकडी दांडीवर रबरी नळी चढवली की काठी तयार. तेवढ्यावर माझी पुढची सगळी वर्षं निघाली.

2. आधी प्लग बघा.

ग्लो प्लग 1947 साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी बाजारात आणला. त्याआधी स्पार्क प्लग, कॉइल आणि बॅटरी असा सगळा संसार विमानाला पाठीवर घेऊन उडावं लागे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं एक इवलंसं वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टने ते लाल करायचं. एकदा इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्या, मिथेनॉलच्या वाफेचा प्लॅटिनमशी संबंध आला की वेटोळं आपलं आपण तापलेलं राहतं. ही करामत मला आजही जादूच वाटते.

पण वेटोळं तुटलेलं असेल तर जादू नाही. एका रविवारी सात ते साडेनऊ मी इंधन कमी-जास्त करणारी सुई आत-बाहेर करत बसलो होतो. शेवटी प्लग काढून बॅटरीला लावला, तर अंधार. तेव्हापासून माझा नियम आहे: मैदानावर पोचलं की प्लग बाहेर काढून लावून बघायचा. चांगला नारिंगी उजळला पाहिजे. मिणमिणता लाल दिसला तर बॅटरी उतरली आहे. प्लग दोन-तीन अँपिअर खातो. घड्याळाचा पेन्सिल सेल त्याला पुरत नाही.

3. इंधन पाजा, बुडवू नका.

कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉप हाताने सावकाश दोन-तीनदा फिरवा. या वेळी प्लगला बॅटरी जोडलेली नसावी, हे सांगावं लागू नये, पण सांगतो. इंधन नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत आलेलं दिसलं की बोट काढा. मग बॅटरी लावा आणि काठीने प्रॉप हलकेच दाबून बघा. आतून ‘टक्’ असा धक्का हाताला जाणवला तर ते तयार आहे.

धक्क्याऐवजी प्रॉप मधेच घट्ट अडलं तर सिलिंडरमध्ये इंधन साठलं आहे. द्रव काही दाबला जात नाही. अशा वेळी प्लग काढायचा, विमान उलटं करायचं आणि प्रॉप फिरवून सगळं ओकून टाकू द्यायचं. मी घाई केली. नवाकोरा इलेक्ट्रिक स्टार्टर आणला होता, त्याची हौस. लावला आणि बटण दाबलं. स्टार्टर जिंकला, कनेक्टिंग रॉड वाकला.

4. चालू इंजिनाच्या पुढून सुईला हात घालू नका.

मागे जा, मागूनच बॅटरीची क्लिप काढा, मागूनच सुई फिरवा. गळ्यातला मफलर, स्वेटशर्टची दोरी, ओळखपत्राची फीत गाडीत ठेवून या. आणि प्रॉपच्या रेषेत, म्हणजे बाजूला, कोणालाही उभं राहू देऊ नका. पातं तुटलं तर ते तिकडेच जातं. फोटो काढणारे पाहुणे नेमके तिथेच उभे राहतात.

5. कानाने ट्यून करा, आणि हाव धरू नका.

हा धडा सगळ्यात महाग पडला, म्हणून जरा सविस्तर.

सुई जास्त उघडी असली की इंधन जास्त, त्याला आम्ही ‘रिच’ म्हणतो. इंजिन घरघरतं, मफलरमधून पांढरा धूर, विमानाच्या पोटावर तेल. थ्रॉटल पूर्ण उघडून सुई एकेक टिचकी बंद करत न्या. प्रत्येक टिचकीनंतर दोन-तीन सेकंद थांबा, कारण बदल पोचायला वेळ लागतो. घरघर हळूहळू विरते, आवाज एकसंध होतो, चढतो, आणि एका जागी एकदम स्वच्छ, तीव्र सूर लागतो. तो ऐकून अंगावर काटा येतो. तिथे थांबायचा मोह होतो. थांबायचं नाही. तिथून सुई पुन्हा दोन-तीन टिचक्या उघडायची, आवाज जरा खाली येईपर्यंत.

कारण या इंजिनाला वेगळं वंगण नाही. तेल इंधनातूनच येतं. एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या स्पर्धांचं ठरावीक इंधन म्हणजे ऐंशी भाग मिथेनॉल आणि वीस भाग तेल. सुई आवळून इंधन कमी केलंत की तेलही कमी झालं. ज्या क्षणी इंजिन सर्वांत जास्त तापतं, त्याच क्षणी तुम्ही त्याला उपाशी ठेवता.

मला हे तोंडपाठ होतं. तरी एनसीसीच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरासाठी निवड चालू होती त्या दिवशी मी तोच तीव्र सूर सोडला नाही. माझं कंट्रोल लाइनचं विमान होतं. पंधरा मीटरच्या दोन तारा, मधे मी, भोवती विमान. जमिनीवर इंजिन असं गात होतं की बाजूच्या कॅडेटने वळून पाहिलं. हवेत गेल्यावर प्रॉपवरचा भार हलका होतो, फेरे आणखी वाढतात आणि मिश्रण आणखी सुकतं. तिसऱ्या फेरीत मी विमान डोक्यावरून घेतलं. वर चढताना सूर आधी बारीक झाला, मग जणू कोणी गळा धरल्यासारखा बंद झाला. तारा ढिल्या पडल्या. दोन महिने घासून केलेलं बाल्साचं विमान माझ्यापासून पाच पावलांवर नाक खुपसून उभं राहिलं. सर आले, मफलरला थुंकी लावलेलं बोट टेकवलं, चर्र आवाज झाला. ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता मी दोन चाचण्या केल्याशिवाय विमान सोडत नाही. इंजिन पूर्ण वेगात असताना इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरतो. आवाज किंचित चढला तर ठीक, थोडी माया शिल्लक आहे. लगेच पडला तर सुई उघडायची. मग कोणाला तरी विमान घट्ट धरायला लावून नाक आभाळाकडे करायला सांगतो. नाक वर केल्यावर सूर थोडा चढला पाहिजे. बसला, तर हवेतही बसेल.

6. मंद चालीचा स्क्रू शेवटी.

रेडिओ कंट्रोलच्या इंजिनाला थ्रॉटल असतो आणि मंद चालीसाठी वेगळा स्क्रू. मोठी सुई नीट बसल्याशिवाय त्याला हात लावू नका. मग अर्धा मिनिट मंद चालू द्या आणि थ्रॉटल झटकन उघडा. खोकत, धूर ओकत उठलं तर मंद चालीला इंधन जास्त आहे. आवाज न करता पटकन मेलं तर कमी आहे. एका वेळी स्क्रूच्या फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही.

7. कालची सुई आज चालत नाही.

डिसेंबरच्या पहाटेची हवा दाट, तिला इंधन जास्त लागतं. मेच्या दुपारी तीच सुई बंद करावी लागते. पाचगणीच्या टेबललँडची उंची 1300 मीटरच्या वर. तिथे हवा विरळ, सुई आणखी आत. ‘मागच्या रविवारी इथेच होती’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त मान हलवतो.

8. दोष बहुधा सुईत नसतो.

गेल्या थंडीत शेजारचा अकरावीतला मुलगा इंजिन घेऊन आला. “काका, कितीही ट्यून केलं तरी टिकत नाही.” खरंच, वीस सेकंद सुरेख चाले, मग आवाज वर, मग खाली, मग बंद. त्याने सुई इतकी फिरवली होती की तिच्या खाचांतली काळी चिकट घाण निघून पितळ चमकत होतं.

मी नळीकडे बघत बसलो. पारदर्शक सिलिकॉनची नळी, आत पिवळसर इंधन, आणि मधूनच मोहरीएवढा एक बुडबुडा, पळत कार्ब्युरेटरकडे. मग दुसरा. इंधनात हवा शिरत होती. टाकी बाहेर काढली. आत वजन लावलेली मऊ नळी जिथे पितळेच्या नळीवर चढवली होती, तिथे पितळेच्या धारेने सिलिकॉनला केसाएवढी चीर पाडली होती. बोटांनी वाकवल्याशिवाय दिसतही नव्हती. नवी नळी, शिवाय टाकीभोवती फोम; इंजिनाच्या कंपनाने टाकीतल्या इंधनाला फेस येतो, तो त्याने थांबतो. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

“म्हणजे सुई बरोबरच होती?” त्याने विचारलं.

“सकाळी होती,” मी म्हणालो.

9. उडवून झाल्यावर इंजिन कोरडं करा, आणि पावसाळ्यात तर नक्कीच.

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी रिकामी करा, नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडून प्रॉप फिरवा. नाहीतर बेअरिंगला गंज चढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर इंजिन कपाटात पडून असतं. ऑक्टोबरात काढलं की ते तुम्हाला ओळखत नाही.

एरंडेलाची गोष्ट वेगळी. लहानपणी ज्याच्यासाठी नाक दाबून धरलं जायचं तेच हे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांनाही हेच तेल, आणि त्या वैमानिकांचं पोट त्यामुळे बिघडायचं असं सांगतात. इंजिनाला मात्र ते मानवतं: मिथेनॉलमध्ये विरघळतं आणि प्रचंड तापलं तरी धातूला चिकटून राहतं. फक्त चार महिने बसलं की त्याचा डिंक होतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर माझं इंजिन पक्कं जाम झालं. पकडीने प्रॉप फिरवायच्या बेतात होतो, पण सर म्हणाले होते, जोर लावायचा नाही, ऊब द्यायची. आई दुपारची झोपली होती. मी मंद आचेवर पोळ्यांचा तवा ठेवला आणि त्यावर इंजिन. दहा मिनिटांनी फडक्यात धरून क्रँक फिरवला, तो लोण्यासारखा फिरला.

वास मात्र माजघरापर्यंत गेला होता. आई उठून आली, तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मिथेनॉल विषारी असतं, कातडीतूनही अंगात जातं, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं, तिथे चुकलो. तो तवा पुन्हा चुलीवर चढला नाही. बिडाचा, चांगला जड आहे. ऑक्टोबरात अजून काढतो.