तारेवरून जाणाऱ्या अंकांचा ताळा

एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयाकडे संगणकावरून तक्ता पाठविताना वाटेत ८ चा ९ झाला, तर ८००० रुपयांचे ९००० होतात आणि तक्ता मात्र नीटनेटकाच दिसतो. साध्या दूरध्वनीच्या तारेवरून संगणकांचा पत्रव्यवहार घडवून आणणाऱ्या मोडेमपुढे हा प्रश्न सदैव उभा असे.

दूरध्वनीची व्यवस्था मानवी आवाजासाठी आखलेली. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनीच तीतून नीट जातात. म्हणून एका टोकाचा मोडेम संगणकातील शून्य व एक यांचे नादात रूपांतर करी आणि दुसऱ्या टोकाचा त्या नादातून ते पुन्हा वेचून काढी. तारेत खरखर झाली की वेचण्यात चूक होई.

आस्की संकेतात ८ म्हणजे ०१११००० आणि ९ म्हणजे ०१११००१. केवळ एका बिटाचा फरक! यावरील जुना उपाय पॅरिटीचा. सात बिटांना आठवा असा जोडावयाचा, की त्यांतील एकांची संख्या सम व्हावी. एक बिट उलटला की ती विषम होते व चूक उघडकीस येते. परंतु दोन बिट उलटून ०११०००१ आले, तर तो १ हा अंक होय. ८००० चे १००० होतात आणि ताळा तरीही जुळतो. शिवाय खरखर एकेका बिटावर येत नाही, थव्याने येते. सेकंदाला २४०० बिट या वेगात सेकंदाच्या शंभराव्या भागाचा कडकडाट २४ बिट गिळतो.

१९८८ मधील व्ही.४२ या आंतरराष्ट्रीय मानकाने अधिक भक्कम रीत घालून दिली. मजकुराचे लहान गठ्ठे करावयाचे, प्रत्येकास क्रमांक द्यावयाचा आणि गठ्ठ्यातील बिटांना ठरावीक भाजकाने भागून उरलेली १६ बिटांची बाकी शेवटी जोडावयाची. हा भागाकार हातचा न घेता केलेला असतो, एवढाच शाळेतील रीतीहून फरक. घेणारा मोडेम तोच भागाकार पुन्हा करून बाकी ताडून पाही. सलग १६ बिटांपर्यंतचा कोणताही बिघाड या ताळ्यातून निसटत नाही; त्याहून लांब बिघाडांपैकी साधारणतः ६५,५३६ मध्ये एखादाच निसटतो.

या पद्धतीस ‘चूक-दुरुस्ती’ म्हणत असले, तरी घेणारा मोडेम येथे दुरुस्ती काहीच करीत नसे. तो गठ्ठा टाकून देई आणि क्रमांक कळवून पुन्हा मागवी. साध्या पद्धतीत त्यापुढचेही सारे गठ्ठे पुन्हा येत. पोच मिळेपर्यंत पाठविणारा आपली स्थळप्रत जपून ठेवी. परिणामी वाईट तारेवर मजकूर सहसा चुकीचा येत नसे, उशिरा येई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली, तेव्हा ग्राहकांना जाणवणाऱ्या संथपणात या पुनःप्रेषणाचाही वाटा असे.

हा पहारा मात्र मोडेमपासून मोडेमपर्यंतच होता. मोडेम व संगणक यांमधील केबलमध्ये हरवलेले अक्षर त्याच्या कक्षेत येत नसे. आणि टंकलिपिकाच्या हातून ८ च्या जागी पडलेला ९ तर सर्व ताळे जुळवून, पोच घेऊन, बिनचूक मुक्कामी पोहोचे.