शरदातील कार्य आणि कारागिराची मुदत

आश्विनात परतीचा पाऊस एकदाचा कोसळून गेला, भालकी-औरादच्या शिवारातले सोयाबीन खळ्यावर आले, तिकडे आळंद-अफझलपूरकडे तुरीवर पिवळा फुलोरा चढला आणि बीदरच्या पठाराची तांबडी माती उन्हात वाळून पायाखाली कुरकुरू लागली, म्हणजे आम्हा सीमाभागातील गृहस्थांच्या मनात असा एक सुखद भ्रम उत्पन्न होतो की, आता आपल्यापाशी अवकाशच अवकाश आहे. कचेऱ्यांना लागून सुट्ट्या असतात, मुले घरी असतात, रात्री निरभ्र आणि गार असतात. म्हणून भट्टीतून नानकटाई काढून आणावी, मुलींनी रुखवताचे काम हाती घ्यावे, एखाद्या रविवारी पाहुण्यांना किल्ला दाखवावा, आणि हे सर्व चालले असतानाच तुळशीच्या लग्नानंतरच्या कार्याची सिद्धताही पुरी करावी, असा मनसुबा घरोघरी रचला जातो. मनसुबा वाईट नाही. इतका प्रसन्न ऋतू उपभोगलाच पाहिजे. तथापि ज्यांच्याकडून ही सुखे आपल्याला मिळायची ते हात मोजके असतात, आणि दसरा ते तुळशीचे लग्न या महिन्याभरात साऱ्या जिल्ह्याचे काम त्या मोजक्या हातांवर एकदम येऊन पडते. आमच्या घरातील एका कार्यात याचा जो प्रत्यय आला, तो लग्नाची मुले-मुली असलेल्या इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे नमूद करतो.

माझ्या पुतणीचे लग्न 2023 सालचे. त्या वर्षी श्रावण अधिक होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले : दसरा 24 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आणि तुळशीच्या लग्नांना आरंभ 24 नोव्हेंबरला. वरपक्ष उदगीरचा, परंतु वराचे आजोळ कलबुर्गीकडचे, आणि त्या घराण्यात धनुर्मासात मंगलकार्य करीत नाहीत. धनुर्मास लागतो डिसेंबरच्या मध्यास, म्हणजे मुहूर्तासाठी जेमतेम तीन आठवडे उरले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत आमच्याच बीदर जिल्ह्यात होते; राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात आली. सोयरिकींनी ती सरहद्द कधी मनावर घेतली नाही, आणि पंचांगानेही नाही; तेव्हा अलीकडच्या आणि पलीकडच्या साऱ्या लग्नघरांनी त्याच तीन आठवड्यांवर झडप घातली. अधिकमासाच्या वर्षी हिवाळ्यातील मुहूर्तांची ही अडचण पंचांग उघडताक्षणी दिसत असते, पण पंचांग उघडले जाते ते याद झाल्यावर, आणि आमच्याकडे याद झाली ती घटस्थापना उलटल्यावर.

आहेरात उदगीरच्या मानकऱ्यांना बिदरी वस्तू द्याव्यात असे बैठकीत ठरले. बीदरकरांनी दुसरे काय द्यावे? बहामनी काळापासून चालत आलेली ही कला, 2006 साली तिला भौगोलिक मानांकन लाभले, 2023 सालच्या जानेवारीत शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिराला पद्मश्री जाहीर झाली; तेव्हा त्या वर्षी तर तिचे नाव सर्वांच्या तोंडी होते. दसऱ्यानंतर आम्ही एका वयोवृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी नग किती आणि तारीख कोणती एवढेच विचारले व शांतपणे सांगितले, ‘साहेब, इतक्या मुदतीत इतके नग होणार नाहीत. चार देतो, बाकी संक्रांतीनंतर न्या.’ घरातील तरुण मंडळींना हे उत्तर आडमुठेपणाचे वाटले. वस्तुतः ते अत्यंत प्रामाणिक होते, हे ज्याला त्या कामाची रीत ठाऊक आहे त्याला सहज कळावे.

जस्तात थोडे तांबे घालून, म्हणजे साधारण सोळा भाग जस्तास एक भाग तांबे या प्रमाणात, रस करावयाचा. राळ आणि एरंडेल घालून मळलेल्या मातीच्या साच्यात तो ओतून नग घडवायचा. मग कानशीने घासून गुळगुळीत करायचा. उजळ धातूवर नक्षीची रेघ दिसत नाही, म्हणून मोरचुदाच्या पाण्याने तो तात्पुरता काळा करून त्यावर हातानेच वेलबुट्टी रेखायची, ती बारीक छिन्नीने खोदायची, आणि त्या खाचांत शुद्ध चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवायचा. तारेचे काम ते तारकशी, पत्र्याचे ते तहनिशान. पुन्हा घासले की तात्पुरता काळेपणा जातो आणि सगळाच नग पांढुरका दिसतो, इतका की अनभिज्ञाला वाटावे, झालेले काम वाया गेले. शेवटी किल्ल्यातील जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या भागातली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापवलेल्या नगाला लावतात. जस्ताचे अंग कायमचे काळेभोर होते, चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. यातील कोणती पायरी तगाद्याने लवकर उरकेल, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

तरुण मंडळींनी चार नग त्या कारागिराकडे सांगितले आणि उरलेले एका दुकानातून तयार आणले. दुकानदाराने पावती दिली नाही, भावात मात्र बरीच सूट दिली. लग्नानंतर पंधरवड्याने विहीणबाईंनी फुलदाणी पुसली, तेव्हा तिचा काळेपणा त्यांच्या पांढऱ्या रुमालावर उतरला. आणि मानपानाच्या बाबतीत उदगीरकरांची स्मरणशक्ती किती तीव्र आहे ते पुढील कित्येक महिने आमच्या कानांवर येत राहिले. त्यांचे तरी काय चुकले?

म्हणून ज्यांना बिदरी वस्तू आहेरात द्यावयाची आहे त्यांनी नग हातात घेऊन तो आकाराच्या मानाने जड लागतो की नाही ते पाहावे. चांदीवरून बोट फिरवावे. ती अंगाशी समतल बसलेली असते, वरून चिकटवलेली लागत नाही. खोबरेल तेलाचा थेंब लावून फडक्याने चोळावे. खरा काळा रंग तेलाने अधिक खुलतो, सुटत नाही. पावतीवर चांदीचे काम आहे असे लिहून घ्यावे. आणि ज्यांना ही वस्तू द्याल त्यांना दोन शब्द आवर्जून सांगावेत : हिला चिंच, राख, भांड्यांची पावडर लावू नये, तिच्यात लोणचे किंवा आंबट पदार्थ ठेवू नये, आणि ओतीव जस्ताची असल्यामुळे ती हातून पडली तर पोचत नाही, तडकते. चांदी कालांतराने मंदावली तर मऊ कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. नग पुष्कळ देण्याच्या हौसेपेक्षा मोजके आणि खरे द्यावेत. बाकीच्या मानकऱ्यांना टोपी-उपरणे कमीपणाचे नाही.

नानकटाईची गोष्ट याहून गोड, पण धडा तोच. हल्ली घरोघरी विजेच्या भट्ट्या आल्या आहेत, तरी लग्नघराला पुरेल एवढी नानकटाई अजूनही बेकरीच्या लाकडी भट्टीतच निघते. आपले पीठ, आपले तूप, आपली पिठीसाखर घेऊन जायचे आणि भट्टीवाल्याला मजुरी द्यायची. पीठ एक किलो असेल तर तूप व साखर प्रत्येकी अर्ध्या किलोच्या आसपास. मैद्यात थोडे बेसन आणि रवा घातला की खुसखुशीतपणा येतो. भट्टी पेटवून निखारे बाजूला सारल्यावर प्रथम तिचा ताव कडक असतो, त्यात पाव निघतात. पुढे ताव उतरत जातो आणि त्या उतरत्या उष्णतेत नानकटाई वरून न करपता आतपर्यंत भाजली जाते. दिवाळीच्या चार दिवस आधी मात्र गर्दी इतकी होते की उतरत्या तावाची वाट पाहायला कोणी तयार नसते. आमचे पत्रे कडक तावात गेले, खालून काळे होऊन आले, आणि त्यातही एक पत्रा आमचा नव्हताच, कारण आमच्या नानकटाईवर चारोळी होती आणि ह्यावर नव्हती! त्यासाठी वसुबारसेच्या आठवडाभर आधी पहाटेच्या पावांनंतरची वेळ मागून घ्यावी, पत्र्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात, आणि घरातील एका माणसाने डबा भरेपर्यंत तेथून हलू नये. हवाबंद डब्यात ती लग्नापर्यंत उत्तम टिकते.

रुखवताविषयी थोडेच सांगतो. मुलींनी सुट्टीत बसून केलेली सप्तपदी, मण्यांची तोरणे, सजवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या यांची शोभा विकतच्या रुखवताला येत नाही. फक्त जे करायचे ते जीपमधून खडबडीत रस्त्याने जाणार आहे, हे ध्यानात ठेवून करावे.

सहलीच्या बाबतीत माझा सल्ला पाहुण्यांच्या वयाकडे पाहण्याचा आहे. बीदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल, त्यातले काळ्या दगडातील शिंपल्यांचे जडावकाम पाहण्यासारखेच. पण तो पुष्कळदा कुलूपबंद असतो, म्हणून आधी पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत चौकशी करावी. महमूद गवानाचा 1472 मधील मदरसा सकाळच्या उन्हात पाहावा, अष्टूरच्या कबरी कलत्या दुपारी. झरणी नरसिंहाला छातीइतक्या पाण्यातून जावे लागते, तेव्हा दर्शन सुरू आहे की बंद याची खात्री केल्यावाचून वृद्धांना तेथवर नेऊ नये. 2017 साली बीदर-कलबुर्गी रेल्वे झाल्यापासून तिकडची मंडळी भेटणे सोपे झाले आहे. गाणगापूरला जाणाऱ्यांनी मात्र संगमावरचे स्नान आटोपून माध्यान्हीपूर्वी मठाकडे पोहोचावे, कारण मधुकरीची वेळ ती. आणि दिवाळीच्या पाडव्यानंतर लग्न उभे असताना मोठी सहल मुळीच काढू नये. भालकी तालुक्यातील मैलारला खंडोबाच्या दर्शनास नवीन जोडपे जाणारच आहे. तीच सहल समजावी.

कागदपत्रांचा विषय रुक्ष, परंतु तहशिलीच्या दफ्तरात नोकरीची सारी वर्षे गेल्याने तो वगळणे मला जमत नाही. मंगल कार्यालयाला इसार देताना पावतीवर केवळ रक्कम नको. तारीख, ताबा आदल्या संध्याकाळी मिळणार की सकाळी, पाणी आणि जनित्र कोणाच्या खर्चाने, एवढे लिहून घ्यावे. शाळेचा दाखला एका राज्यातला, आधार दुसऱ्या राज्यातले, त्यामुळे वधूवरांच्या नावांची अक्षरे जागोजागी वेगळी पडलेली असतात; ती विवाहनोंदणीपूर्वी जुळवून घ्यावीत.

2026 साली ज्येष्ठ अधिक आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला पडते, म्हणजे तुळशीचे लग्न आणि धनुर्मास यांमधले अंतर पुन्हा थोडेच राहील. ज्यांच्या घरी त्या हिवाळ्यात कार्य आहे, त्यांनी श्रावण लागण्यापूर्वी बीदरला जाऊन कारागिराच्या हाती इसार द्यावा, आणि तो जी तारीख सांगेल ती मान्य करून मगच आहेराची यादी लिहावी.