ईसीयूला हात सगळ्यात शेवटी

अरे, जुनी इंजेक्शनची गाडी अडली की नवखा माणूस पहिला आळ घेतो तो ईसीयूवर, म्हणजे इंजेक्शन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर. बंद डब्यात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे दोष तिकडे ढकलणं सोपं जातं. मुंबईत आणि नंतर मस्कतला माझं सगळं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं. त्यातून सांगतो, डबा क्वचित मरतो. मरते ती त्याच्यापर्यंत जाणारी वायर, आणि तीही बहुतेक वेळा टोकाशी.

तुझी दॅटसन २८०झेड मी चालवलेली नाही, पण तिच्या पोटातली इंजेक्शनची व्यवस्था ओळखीची आहे. जपानी कंपनीने ती बॉशच्या एल-जेट्रॉनिकवरून घेतली. त्या काळच्या कितीतरी जर्मन गाड्यांत तीच असायची. तुझ्याकडे अमेरिकेत या गाड्या १९७५ ते १९७८ या काळात विकल्या गेल्या, म्हणजे वायरिंगचं वय पन्नाशीला टेकलंय. कुणी म्हणेल, काढून टाक ते इंजेक्शन आणि कार्ब्युरेटर बसव. ऐकू नकोस. हे वायरिंग एका माणसाला एका आठवड्यात समजण्याइतकं साधं आहे.

आधी दोष विजेचाच आहे ना, ते ठरव. स्पार्क बघ. स्पार्क असेल तर पेट्रोलचं प्रेशर मोज, ते २.५ बारच्या आसपास हवं. हवेच्या पाइपाला चीर असेल किंवा ऑइलचं झाकण सैल असेल, तरी गाडी विजेचा दोष असल्यासारखी रखडते, कारण हवा मोजणाऱ्या मीटरच्या झडपेला चुकवून आत शिरलेली हवा ईसीयूच्या हिशेबात येतच नाही. हे सगळं ठीक असेल तर मग मल्टीमीटर काढ.

सुरुवात अर्थपासून. आणि अर्थ ओहममध्ये मोजू नकोस. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शाबूत असली तरी ओहममीटर शून्यच दाखवतो, कारण त्याचा स्वतःचा करंट नगण्य असतो. खरा भार पडला की ती एक तार हात वर करते. म्हणून व्होल्ट मोज, आणि तेही करंट वाहत असताना. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर धर, क्लॅम्पवर नको. लाल प्रोब इंजिन ब्लॉकवर. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थची जाड पट्टी बदल. मग इग्निशन ऑन ठेवून हेच माप ईसीयूच्या अर्थवर घे. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त मला चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. कुठलाही सेन्सर मोजायचा तर तो सेन्सरपाशी मोजू नकोस, ईसीयूच्या टोकाला मोज. तुझ्या गाडीत ईसीयू ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळच्या पॅनेलमागे आहे, पस्तीस पिनांचा लांब प्लग. इग्निशन बंद कर, बॅटरीचं निगेटिव्ह काढ, मगच तो प्लग उपस. कुठल्या पिनवर काय मिळायला हवं ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. ईसीयूला जे दिसतं तेच तुला तिथे दिसेल.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर घे. २० अंशांना तो साधारण अडीच हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. समज, सेन्सरवर माप बरोबर आलं आणि ईसीयूच्या प्लगवर दीड हजार जास्त आलं. म्हणजे ते दीड हजार मधल्या गंजलेल्या कपलरमध्ये बसलेत. इंजिन तापून ८० अंशांवर गेलं तरी ईसीयूला अठराशे ओहम दिसणार, म्हणजे त्याच्या मते इंजिन अजून तिशीच्या आतबाहेरच आहे, आणि तो पेट्रोल ओतत राहणार. काळा धूर, काळे स्पार्क प्लग, गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला त्रास. लोक अशा वेळी इंजेक्टर बदलतात, पंप बदलतात, शेवटी ईसीयू बदलतात. वायर पूर्ण तुटली असेल तर ईसीयूला कडाक्याची थंडी वाटते आणि गाडी फ्लड होते. वायर शॉर्ट झाली असेल तर सकाळी थंड इंजिन पकडतच नाही.

कपलर कसा काढायचा तेही सांगतो, कारण निम्मे कपलर काढतानाच मोडतात. त्याला भोवतीने वाकवलेल्या तारेची क्लिप असते. बारीक हुकाने ती एका बाजूने उचल, आणि खाली फडकं पसर. ती उडून चेसिसवर गेली तर पुन्हा दिसत नाही. वायर धरून ओढू नकोस, कपलरचं अंग धर. आत टर्मिनलवर हिरवट थर दिसेल. काँटॅक्ट क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश वापर. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा जातो आणि गंज लवकर परततो. टर्मिनलचं तोंड फाकलं असेल तर सुईने आत दाब. रबरी टोपी कडक झाली असेल तर सरळ नवा कपलर घाल, या जातीचे अजून मिळतात. टर्मिनल चांगल्या पकडीने दाबून बसव. सोल्डर ओतून वायर ताठ केली की ती थरथरीने सोल्डरच्या कडेलाच तुटते. आणि एका वेळी एकच कपलर उघड.

मुंबईच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडायचं, मस्कतच्या उन्हात रबर बिस्किटासारखं मोडायचं. जर्मन नाव म्हणून विश्वास टाकू नकोस. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मर्सिडीज डब्ल्यू १२४मध्ये इंजिनच्या हार्नेसचं इन्शुलेशन गरमीने भुगा होऊन गळायचं, आणि ही तीच मालिका जिची जोडणी १९९५ पासून पुण्यात सुरू झाली.

पंप वाजत नसेल तर पहिल्या तीन वर्षांच्या २८०झेडला एक सोपी चाचणी आहे. एअर फिल्टरचा पाइप काढ, इग्निशन ऑन कर, बोटाने हवेच्या मीटरची झडप आत ढकल. मागून पंपाची घरघर आली पाहिजे. १९७८च्या गाडीत पंपाची जोडणी वेगळी आहे, तिथे हे चालणार नाही. झडपेमागचं स्प्रिंगचं दातेरी चाक मात्र फिरवू नकोस. कारखान्यातलं सेटिंग एकदा गेलं की गेलं.

इंजेक्टर चालतात का ते लांब पेचकस कानाला लावून ऐक. टिकटिक सगळ्यांची हवी. एकाची नसेल तर त्याचा कपलर. एकाचीही नसेल आणि स्पार्क मात्र असेल, तर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हकडून ईसीयूला जाणारी बारीक वायर. इंजेक्टरला थेट बारा व्होल्ट देऊन तपासायचं नाही. मध्ये रेझिस्टर आहेत ते उगाच नाहीत. थेट दिलंस तर इंजेक्टरची कॉइल जळेल. ईसीयूच्या पिनांना बल्बचा टेस्ट लॅम्पही लावू नकोस. आणि आपल्याकडची ती जुनी खोड, चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग बघायची, ती इथे केलीस तर चांगला ईसीयू खरोखर मरेल.

दोष येतो-जातो असेल तर तो असताना शोध. इंजिन आयडलवर ठेव आणि हार्नेस इंच-इंच हलव. रिलेला हेअर ड्रायरची गरम हवा दे, सोल्डरची चीर तापल्यावर उघडते. पण त्याआधी पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदल आणि अग्निशामक जवळ ठेव. एवढ्या प्रेशरचा पेट्रोलचा फवारा आणि एक ठिणगी, मग दुरुस्त करायला गाडी उरत नाही.

गाडी व्यवस्थित चालायला लागली की त्याच दिवशी पस्तीस पिनांची सगळी मापं वहीत उतरव, खाली तारीख आणि हवेचं तापमान लिही. पुढच्या वेळी बिघडेल तेव्हा ताडून बघायला शेजारी दुसरी २८०झेड उभी नसेल.